गोठ्याचे सांडपाणी कुरणाला देण्यापूर्वी

दूध सांडले की आपल्याला दुधाचे नुकसान दिसते. तेच दूध गटारातून ओढ्यात गेले तर ओढ्याचे काय होते, हे सहसा कोणी पाहत नाही. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन खातात हे मोजण्याचे एक जुने परिमाण आहे, त्याला जैविक ऑक्सिजन मागणी किंवा नुसते बीओडी म्हणतात. पाण्याचा नमुना २० अंश सेल्सिअस तापमानात ५ दिवस अंधारात ठेवायचा आणि त्यातला ऑक्सिजन किती घटला ते पाहायचे, अशी ही चाचणी आहे. घरगुती मैलापाण्याची ही मागणी लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम भरते, तर निर्भेळ दुधाची ती लिटरला १ लाख मिलिग्रॅमच्या आसपास जाते. म्हणजे प्रदूषणाच्या हिशेबात एक लिटर दूध तीन-चारशे लिटर मैलापाण्याच्या तोडीचे असते. जे अन्न म्हणून उत्तम, ते पाण्यात मिसळल्यावर सूक्ष्मजीवांसाठीही उत्तमच ठरते आणि त्यांच्या या मेजवानीत माशांचा श्वास कोंडतो.

अर्थात गोठा धुतलेल्या पाण्यात दुधाचा वाटा थोडाच असतो. त्यात मुख्यतः शेण आणि मूत्र असते; शिवाय वैरणीचे तुकडे, माती, वाळू, दूध काढण्याची यंत्रे आणि नळ्या धुण्याची अल्कलीयुक्त व आम्लयुक्त द्रावणे, सडांना लावायचे आयोडीन, खुरांसाठी केलेल्या औषधी कुंडातले मोरचूद आणि छपरावरून वाहून आलेले पावसाचे पाणी हेही त्यात मिसळते. यांतला प्रत्येक घटक वेगळ्या वाटेने त्रास देतो. चोथा आणि वाळू पंप व तोट्या तुंबवतात. विरघळलेली सेंद्रिय घाण ऑक्सिजन खाते. ई. कोलाय, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे एकपेशीय परजीवी आणि जंतांची अंडी जनावराकडून जनावराकडे आणि कधी माणसाकडेही रोग नेतात. नत्र आणि स्फुरद पाण्याच्या साठ्यात शेवाळ माजवतात, तर सोडियम आणि तांबे यांचा उपद्रव वर्षानुवर्षे, कसलाही गाजावाजा न होता, जमिनीत साचत जातो.

हेच पाणी गवताला हवेहवेसे असते. नत्र, स्फुरद आणि पालाश ही तिन्ही मुख्य अन्नद्रव्ये त्यात असतात आणि पाणी तर असतेच. म्हणूनच पुढचे सारे समजून घेण्याआधी एक फरक मनात पक्का करावा लागतो. नदीत सोडायच्या पाण्यातून नत्र काढून टाकावा लागतो आणि त्यासाठी ऊर्जा व पैसा खर्च होतो. कुरणाला द्यायच्या पाण्यात मात्र तो राखून ठेवायचा असतो आणि काढायचे ते रोगजंतू, चोथा व कुजणारी घाण. प्रक्रियेची यंत्रणा निवडताना ‘पाणी किती शुद्ध होईल’ एवढेच विचारणारा माणूस बहुधा गरजेपेक्षा महाग आणि तरीही चुकीची यंत्रणा घेऊन बसतो. खरा प्रश्न असतो तो पाणी कोणत्या जमिनीला, कोणत्या दिवशी, कोणत्या जनावराच्या तोंडी जाणाऱ्या गवताला द्यायचे आहे हा. पाण्याची शुद्धता, जमिनीची ताकद आणि सिंचन व चराई यांमधला काळ यांचा ताळेबंद एकत्रच मांडावा लागतो. एक बाजू कमी पडली तर दुसरीला ती भरून काढावी लागते.

कोणतीही टाकी किंवा तळे बांधण्याआधी पाणी कमी करावे. हा सल्ला ऐकायला साधा वाटतो, पण सर्वांत जास्त बचत यातच आहे. शेण आधी खराट्याने किंवा फावड्याने ओढून घेतले आणि मग फरशी धुतली, तर पाणीही कमी लागते आणि शेण कोरडे हाती येते. उलट नळीच्या जोरावर शेण ढकलत नेण्याची सवय असेल, तर तेच शेण पाण्यात कालवून पुन्हा पाण्यातून वेगळे काढण्याचा उद्योग आपणच आपल्या मागे लावून घेतो. छपराच्या पाण्याचा हिशेब तर करून पाहण्यासारखा आहे. १,००० चौरस मीटर छपरावर वर्षात ८०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते ८ लाख लिटर स्वच्छ पाणी झाले. १०० गाईंमागे रोज गाईगणिक ६० लिटर धुण्याचे पाणी धरले, तर वर्षाचे होते सुमारे २२ लाख लिटर. म्हणजे पन्हाळी लावून छपराचे पाणी वेगळे काढले नाही, तर सांडपाण्याचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक फुगते, आणि फुगलेल्या त्या प्रत्येक लिटरसाठी तळे खोदावे लागते. औषधोपचार चालू असलेल्या गाईचे टाकाऊ दूध नाल्यात न ओतणे हेही याच टप्प्याचे काम. त्यातली प्रतिजैविके तळ्यातल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतात आणि त्यांना पुरून उरणाऱ्या जिवाणूंचा भरणा वाढवतात.

यानंतर घन आणि द्रव वेगळे करायचे. काचेच्या उंच बरणीत गोठ्याचे ताजे सांडपाणी भरून अर्धा तास स्थिर ठेवले, तर पुढची निम्मी कहाणी तिथेच दिसते. तळाशी काही क्षणांत वाळू आणि खडे बसतात; त्यांच्यावर हळूहळू तपकिरी, मऊ गाळाचा थर येतो; वर वैरणीच्या काड्या आणि चोथा तरंगतो; आणि मधले पाणी मात्र चहासारखे गढूळच राहते, कारण त्यातले कण इतके बारीक असतात की ते अर्ध्या तासात काय, अर्ध्या दिवसातही बसत नाहीत. बरणीतल्या या थरांप्रमाणेच यंत्रणेचे भाग पडतात. वाळूसाठी आखूड, रुंद खड्डा असतो, त्यात पाण्याचा वेग मंदावतो. चोथ्यासाठी चाळणी, मळसूत्री दाबयंत्र किंवा फटी ठेवलेली भिंत असते, तिच्या फटींतून पाणी झिरपते आणि चोथा मागे राहतो. बारीक गाळासाठी निवळण्याची टाकी असते. वाळूचा खड्डा वेळेवर उपसला नाही, तर ती वाळू पुढच्या तळ्यात जाऊन बसते. तिथून ती काढणे दसपट कष्टाचे असते.

मधले गढूळ पाणी हे जिवाणूंचे काम आहे. सर्वाधिक प्रचलित आणि कमी खर्चाची पद्धत एकामागे एक अशा तळ्यांची. पहिले तळे खोल असते, साधारण २ ते ५ मीटर, आणि त्यात ऑक्सिजन नसतो. नसावा, असाच त्याचा आराखडा असतो. इथे दोन गटांचे जिवाणू पाळीपाळीने काम करतात. पहिला गट शेणातल्या गुंतागुंतीच्या पदार्थांचे तुकडे पाडून आम्ले तयार करतो. दुसरा गट त्या आम्लांपासून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड बनवतो. पहिला गट काटक आणि झपाट्याने वाढणारा, दुसरा नाजूक आणि संथ. तळ्यात अचानक एके दिवशी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट घाण आली, तर पहिला गट भराभर आम्ल तयार करतो, दुसऱ्याला ते उरकत नाही, पाण्याचा सामू (पीएच) घसरतो आणि सामू घसरला की दुसरा गट आणखीच मंदावतो. दुर्गंधी सुटते ती इथे. अशा तळ्याला रोज थोडे आणि सारखे अन्न द्यावे. त्याचे पोटही रवंथ करणाऱ्या जनावरासारखेच आहे, एकदम बदल त्याला सोसत नाही. तळ्यावर वाळलेल्या चोथ्याची साय धरली, तर ती लगेच फोडू नये, कारण ती वास आणि उष्णता दोन्ही अडवते. मिथेन हवेत सोडून देण्याऐवजी तळे आच्छादून तो इंधनासाठी गोळा करणे अधिक शहाणपणाचे, कारण १०० वर्षांच्या हिशेबात वजनास वजन धरून हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो.

इथे एक इशारा देणे भाग आहे. शेणाच्या बंदिस्त टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. कुजक्या अंड्यांसारखा त्याचा वास अगदी अल्प प्रमाणातही येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास तो पोहोचला की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून माणूस आत उतरतो, कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. गाळ ढवळताना हा वायू एकदम सुटतो. बंद टाकीत श्वसनाचे साधन आणि बाहेर दोरी धरलेला माणूस यांवाचून कोणीही, कधीही उतरू नये.

दुसरे तळे उथळ असते, दीड मीटरच्या आसपास, आणि त्याचा कारभार सूर्य चालवतो. वरच्या थरात सूक्ष्म शैवाल वाढते. ते प्रकाशात ऑक्सिजन सोडते. तो ऑक्सिजन वापरून जिवाणू उरलेली घाण कुजवतात आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड शैवालाला मिळतो. तळाशी मात्र ऑक्सिजनविरहित कुजणे चालूच असते. या तळ्याचा रंग जाणत्या माणसाला बरेच काही सांगतो. गर्द हिरवा रंग प्रकृती ठीक असल्याचे लक्षण. करडा किंवा काळा रंग आणि वास असेल, तर ऑक्सिजन संपला आहे. कधीकधी तळे चक्क गुलाबी-जांभळे होते आणि पाहणारा घाबरतो. ती गंधकावर जगणाऱ्या जांभळ्या जिवाणूंची करामत असते. ते हायड्रोजन सल्फाइड खाऊन वास कमी करतात, म्हणून हा रंग संकटाचा नसला, तरी तळ्यावर भार जास्त पडतो आहे हे तो नक्की सांगतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. याच तळ्यातला ऑक्सिजन दुपारी भरपूर असतो आणि पहाटे जवळजवळ शून्यावर येतो, कारण रात्री शैवालही श्वासोच्छ्वास करते पण ऑक्सिजन बनवत नाही. म्हणून दुपारी दोन वाजता घेतलेला नमुना पाहून तळे उत्तम चालले आहे असा निष्कर्ष काढणारा अहवाल मी अर्धवटच मानतो.

रोगजंतू खऱ्या अर्थाने मरतात ते त्यानंतरच्या, जेमतेम एक मीटर खोलीच्या तळ्यांमध्ये. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण, शैवालामुळे दुपारी ९ च्याही वर चढणारा सामू, भरपूर ऑक्सिजन, भक्षक सूक्ष्मजीव आणि उपासमार अशी चहूबाजूंनी त्यांची कोंडी होते. जंतांची अंडी मात्र मरत नाहीत, ती जड असल्याने तळाशी बसतात. त्यांच्याकडे शेवटी यावे लागेल.

या टप्प्यावरचा हिशेब मुद्दाम सविस्तर पाहू, कारण तळ्यांची रचना ठरवताना सर्वांत मोठी चूक इथे होते. तळ्यातील विष्ठाजन्य जिवाणूंची घट मोजण्यासाठी मारे या अभियंत्याने १९७४ मध्ये मांडलेले सूत्र आजही आराखड्यांत वापरतात. पाणी तळ्यात जितके दिवस राहते त्या दिवसांना एका वेग-अंकाने गुणायचे, त्यात १ मिळवायचा आणि येणाऱ्या जिवाणूंच्या संख्येला त्या उत्तराने भागायचे, म्हणजे बाहेर पडणारी संख्या मिळते. २० अंश तापमानाला हा वेग-अंक २.६ आहे. आता समजा, १०० मिलिलिटर पाण्यात १ कोटी जिवाणू आहेत आणि आपल्याकडे २० दिवस पाणी मावेल एवढी जागा आहे. तिथे एकच मोठे तळे केले तर भाजक होतो ५३, आणि बाहेर पडतात सुमारे १ लाख ९० हजार जिवाणू. तेवढ्याच जागेत पाच-पाच दिवसांची चार तळी एकामागे एक केली तर प्रत्येक तळ्याचा भाजक १४, आणि चौदाने चार वेळा भागल्यावर उरतात केवळ २६०. जागा तीच, पाणी तेच, खोदाईही जवळपास तेवढीच. फक्त मध्ये बांध घातले. कारण असे की एकाच मोठ्या तळ्यात आज आलेल्या पाण्याचा काही भाग मिसळून आजच बाहेर पडतो, आणि तो थोडासा ताजा भागच साऱ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. चार तळ्यांत अशी पळवाट सलग चार वेळा सापडणे अवघड जाते. याच कारणाने पाणी आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे तोंड समोरासमोर, वाऱ्याच्या रेषेत ठेवू नये.

तापमान घसरले की हेच गणित कसे बिघडते तेही पाहावे. दर अंशामागे वेग-अंक १.१९ पटीने कमी होतो. त्याच चार तळ्यांतून १५ अंशांना सुमारे ५,८०० आणि १० अंशांना सुमारे ८६ हजार जिवाणू बाहेर पडतात. उन्हाळ्यात घेतलेल्या एका चांगल्या अहवालाच्या भरवशावर हिवाळ्यात तोटी उघडणे किती धोक्याचे, हे यावरून कळावे. प्रत्यक्ष तळी सूत्राइतकी आज्ञाधारक नसतात, त्यामुळे हे आकडे दिशा समजण्यासाठी घ्यावेत आणि खात्री नमुन्यानेच करावी.

क्लोरीन घालून एका दिवसात काम उरकता येणार नाही का, असे हमखास विचारले जाते. गढूळ, सेंद्रिय घाणीने आणि अमोनियाने भरलेल्या पाण्यात क्लोरीन आधी त्या घाणीशी आणि अमोनियाशी झगडतो, जिवाणूंच्या वाट्याला उरलासुरला येतो. आणि क्रिप्टोस्पोरिडियमचे कवचबद्ध बीज तर नेहमीच्या क्लोरीनला जुमानतच नाही. अतिनील दिव्यांना पाणी स्वच्छ लागते, कारण प्रत्येक कणामागे जिवाणूंना सावली मिळते. दोन्ही उपाय चांगले आहेत, पण शेवटच्या पायरीवर. जागा असेल तर तळ्यांनंतर वाळू-खडीच्या थरात पाणवनस्पती लावलेली पाणथळ खाचरे करता येतात. त्यांत बारीक कण गाळले जातात, मात्र चोथा आधी काढला नसेल तर खडी तुंबते आणि पाणी वरूनच वाहू लागते.

एवढे झाल्यावरही पाणी थेट कुरणावर जात नाही. ते साठवणीच्या तळ्यात थांबते आणि जमीन मागेल तेव्हा दिले जाते. बहुतेक अपघात याच ठिकाणी होतात, कारण तळे भरत आले की माणसाला जमिनीपेक्षा तळ्याची काळजी वाटू लागते आणि पावसाने चिंब झालेल्या कुरणावरही पंप सुरू होतो. वाफसा नसलेल्या जमिनीत मातीच्या कणांमधल्या सगळ्या पोकळ्या आधीच भरलेल्या असतात. वरून दिलेले पाणी मग एक तर उताराने ओढ्याकडे धावते, नाहीतर गांडुळांच्या बिळांतून, मुळांच्या वाटांनी आणि भेगांतून, मातीला नीट स्पर्शही न करता, खाली उतरते. ओल कमी असलेल्या जमिनीत तेच पाणी बारीक पोकळ्यांत शिरून अडकते, आणि मग माती गाळणीचे, मातीतले जीव सफाईचे आणि मुळे शोषणाचे काम करतात. अमोनियाच्या रूपातील नत्र चिकणमातीच्या कणांना चिकटतो, स्फुरद मातीत बांधला जातो. नायट्रेट मात्र कशालाच चिकटत नाही, ते पाण्याबरोबर खाली जाते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते मुख्यतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना असलेल्या धोक्यामुळे. म्हणून मुळांच्या थरात आणखी २० मिलिमीटर पाणी मावणार असेल तर १० ते १२ मिलिमीटरच द्यावे आणि तेही जमीन पिऊ शकेल अशा संथ गतीने. न्यूझीलंडमध्ये मॅसी विद्यापीठातील संशोधकांनी याच तत्त्वावर सिंचन पुढे ढकलण्याची पद्धत अभ्यासली आणि निचऱ्याच्या नळ्यांतून ओढ्यात जाणारा स्फुरद व नत्र त्याने बराच घटतो हे दाखवले. पावसाळ्यातले कित्येक आठवडे पाणी साठवावे लागेल हे गृहीत धरूनच तळे बांधले पाहिजे.

मातीची गाळणी कुठे अपुरी पडते हे मे २००० मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या वॉकरटन या गावी दिसले. जवळच्या शेतावर गुरांचे खत पसरलेले होते. जोरदार पाऊस झाला आणि त्यातले ई. कोलाय व कॅम्पिलोबॅक्टर गावाच्या उथळ विहिरीत उतरले. पाण्याचे क्लोरिनीकरण आणि देखरेख दोन्ही ढिसाळ होती. ७ माणसे दगावली आणि सुमारे २,३०० आजारी पडली. चौकशीत शेतकऱ्याला दोषी धरले गेले नाही, कारण त्याने खत रूढ, योग्य रीतीनेच वापरले होते. विहिरीची जागा, पातळ माती, खालचा भेगाळ खडक आणि पावसाची वेळ या गोष्टी एकत्र आल्या. विहिरी, ओढे आणि वस्ती यांपासून अंतर राखायचे ते या कारणासाठी.

पाणी किती द्यायचे याची दुसरी मर्यादा नत्र घालून देतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. समजा, प्रक्रिया केलेल्या पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम नत्र शिल्लक आहे. तर दर मिलिमीटरमागे हेक्टरला ३ किलो नत्र पडला. युरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशानुसार संवेदनशील भागांत जनावरांच्या खतातून वर्षाला हेक्टरी १७० किलो नत्राची मर्यादा आहे. ती धरली तर वर्षभरात अवघे ५७ मिलिमीटर पाणी देता येते. वर उल्लेखिलेल्या १०० गाईंचे २२ लाख लिटर पाणी या हिशेबाने सुमारे ४ हेक्टरवर पसरावे लागते. गवताची तहान यापेक्षा कितीतरी मोठी असते, तेव्हा उरलेली तहान साध्या पाण्याने भागवायची. तळ्याजवळच्या एकाच तुकड्यावर, नळ्या आयत्या आहेत म्हणून, सारे पाणी ओतत राहणे हा सर्वत्र आढळणारा आळस आहे. तो तुकडा हिरवागार दिसतो खरा, पण त्या गवतात साठलेले नायट्रेट गाईच्या पोटात नायट्राइट होऊन रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता हिरावून घेते आणि रक्त चॉकलेटी रंगाचे होते.

पालाशाबाबत तर गवत अक्षरशः हावरे आहे. गरज नसतानाही ते पालाश शोषत राहते आणि त्याच वेळी मॅग्नेशियम कमी घेते. असे गवत खाणाऱ्या दुभत्या गाईला मॅग्नेशियमच्या कमतरतेने झटके येऊ शकतात आणि व्यायला टेकलेल्या गाईला दुग्धज्वराचा धोका वाढतो. गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यांतल्या गाई या कुरणापासून दूर ठेवाव्यात. सोडियमचे काम याहून सावकाशीचे. धुलाईच्या द्रावणातला कॉस्टिक सोडा चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटे करतो, मग मातीच्या वरच्या थरावर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरेनासे होते. कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती आहे हे अधूनमधून तपासावे, आणि प्रमाण वाढू लागले तर जिप्समचा विचार करावा. एकूण क्षारांसाठी विद्युतवाहकतेचे साधे मापक पुरते; अन्न व कृषी संघटनेच्या १९८५ च्या मार्गदर्शिकेनुसार वाहकता मीटरला ०.७ डेसिसीमेन्सच्या आत असेल तर काळजी नाही, ३ च्या पुढे गेली तर गंभीर बंधने येतात. खुरांच्या कुंडातले मोरचूद वापरून झाल्यावर तळ्यात रिकामे करू नये. तांबे कुजत नाही, उडून जात नाही, ते मातीत साठतच राहते. आणि त्या कुरणावर मेंढ्या चरत असतील तर त्यांना ते गाईंपेक्षा फार लवकर बाधते.

आता चराईच्या वेळेकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी १०० मिलिलिटरमध्ये १,००० विष्ठाजन्य जिवाणूंची मर्यादा घातली, पण कुरण व चारा पिकांसाठी जिवाणूंची मर्यादा घातलीच नाही, तिथे लिटरला एकाहून अधिक जंताचे अंडे नसावे एवढेच म्हटले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची २००४ ची मार्गदर्शिका वेगळ्या वाटेने जाते : १०० मिलिलिटरमध्ये २०० जिवाणू असलेले पाणी चालेल, पण सिंचन थांबल्यावर दुभती जनावरे १५ दिवस कुरणात सोडू नका; आणि एवढे थांबायचे नसेल, तर जिवाणू १४ च्या आत आणा. हे मापदंड शहरी मैलापाण्यासाठी लिहिलेले आहेत, तरी त्यांतली ही देवाणघेवाण गोठ्याच्या पाण्यालाही तंतोतंत लागू पडते. पंधरा दिवसांचे ऊन आणि वारा हे जिवाणूंची संख्या २०० वरून १४ वर आणणाऱ्या यंत्राच्या तोडीचे धरले आहेत, आणि त्यांना वीज लागत नाही. कुरणाचे तुकडे पाडून आळीपाळीने सिंचन आणि चराई करणाऱ्याला हे थांबणे फुकटात मिळते. तुषार सिंचन करायचे तर कमी दाबाने, मोठ्या थेंबांनी आणि वारा पडलेला असताना करावे. बारीक फवाऱ्यातले तुषार जिवाणू घेऊन दूरवर जातात.

वासरांच्या बाबतीत मात्र ही देवाणघेवाण करू नये. जोन्स रोग या गुरांच्या आतड्यांच्या जुनाट विकाराचा जिवाणू मोठ्या जनावराच्या शेणातून बाहेर पडतो, लागण बहुधा कोवळ्या वयात होते आणि लक्षणे काही वर्षांनी दिसतात. हा जिवाणू सावलीच्या, ओलसर जागी एक वर्षापर्यंतही तग धरतो. पहिल्या वर्षातल्या वासरांसाठी सांडपाणी कधीच न दिलेले कुरण राखून ठेवावे, प्रक्रिया कितीही चांगली असली तरी.

राहिला तळाचा गाळ. तळ्यांनी पाण्यातून काढलेले जवळपास सारे काही, जंतांच्या अंड्यांसकट, इथे येऊन बसलेले असते, आणि काही जंतांची अंडी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. गाळ वाढला की तळ्यातली पाण्याची जागा घटते, पाच दिवसांचे तळे तीन दिवसांचे होते आणि वर केलेले सगळे गणित, कोणालाही न कळता, चुकते. म्हणून लांब काठीला पांढरे कापड गुंडाळून ती वर्षातून एकदा तळापर्यंत उतरवावी आणि वर काढल्यावर काळा डाग किती उंच चढला ते मोजून तारखेसह लिहून ठेवावे. एक तृतीयांश खोली गाळाने व्यापली की उपसा करावा. उपसलेला गाळ ओला असताना कुरणावर पसरू नये. तो चोथ्यात आणि वाळल्या काडीकचऱ्यात मिसळून त्याची रास करावी. रास ५५ अंशांच्या वर १५ दिवस तापली पाहिजे आणि त्या काळात ती पाच वेळा उलथवली पाहिजे, म्हणजे बाहेरचा थंड भाग आत जाऊन तोही तापतो. रासेच्या पोटात खुपसलेला लांब दांड्याचा तापमापक एवढेच यासाठी लागणारे उपकरण. तरीही ते खत चरत्या कुरणापेक्षा नांगरून मातीत मिसळता येईल अशा शेतातच घालावे.